लाखामागे किती? : धाटावचे घर आणि गुन्ह्यांचे आकडे

‘धाटाव राहायला सुरक्षित आहे का?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारला. पहिले होते वरसे भागात सदनिका घेऊ पाहणारे एक निवृत्त शिक्षक. दुसरे जळगावकडचे एक गृहस्थ. त्यांची मुलगी इथल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागणार होती. तिसरा माझा भाचा. तो अमेरिकेत एका लहान शहरात घर बघत होता आणि त्या गावचा गुन्हेगारीचा दर त्याने घरबसल्या पाच मिनिटांत शोधून काढला होता. फोनवर त्याने सहज विचारले, ‘मामा, आपल्या धाटावचा किती असेल?’

मी संख्याशास्त्र शिकलेलो नाही. आयुष्याची बरीच वर्षे कारखान्याच्या स्टोअरमध्ये आवक-जावक लिहिण्यात गेली. त्या कामाने एक गोष्ट मात्र पक्की शिकवली : रजिस्टरमध्ये दिसतो तो माल नसतो, मालाची नोंद असते. दोन्ही जुळतात की नाही, हे गोदामात शिरून पाहावे लागते. भाच्याच्या प्रश्नानंतर मी गुन्ह्यांच्या आकड्यांकडे याच सवयीने पाहू लागलो. त्यातून हाती लागले ते इथे मांडतो.

दर काढायची रीत सोपी आहे. वर्षभरात नोंदलेले गुन्हे घ्यायचे, त्यांना लोकसंख्येने भागायचे आणि एक लाखाने गुणायचे. आपला लाख आणि अमेरिकेचे शंभर हजार एकच असल्याने दोन्हीकडचे दर शेजारी शेजारी ठेवायचा मोह होतो. आपल्याकडे हे काम राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी करतो. ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल १९५३ सालच्या आकड्यांपासून निघतो आहे. २०२३ साली देशात ६२ लाख ४१ हजारांवर दखलपात्र गुन्हे नोंदले गेले आणि दर लाखामागे ४४८.३ आला. आदल्या वर्षी तो ४२२.२ होता.

आता २०२० चा आकडा पाहा. टाळेबंदीचे ते वर्ष. माणसे घरात, रस्ते ओस, एसट्या बंद. त्या वर्षी देशातला दर ३८५.५ वरून ४८७.८ वर गेला, म्हणजे एकूण गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले. कारण अहवालातच आहे. सरकारी आदेश मोडल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली २०१९ मध्ये २९,४६९ गुन्हे होते, ते २०२० मध्ये ६,१२,१७९ झाले. मास्क न लावता बाहेर पडलेला माणूस आणि घरफोडी करणारा माणूस एकाच बेरजेत बसले. चोरी, घरफोडी यांसारखे नेहमीचे गुन्हे त्या वर्षी उलट घटले होते. ‘गुन्हेगारी वाढली’ हे वाक्य वाचले की मी आता आधी विचारतो : कोणती?

भागाकारात वर अंश असतो आणि खाली छेद. धाटावपुरता खालचा आकडा आधी पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे.

आपली शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतरची सगळी लोकसंख्या अंदाजाने धरलेली आहे. राज्यासाठी असा अंदाज ठीक, गावासाठी अवघड. त्यातून धाटाव हे औद्योगिक वसाहतीचे गाव. कुंडलिकेच्या काठाने रसायनांचे कारखाने, भोवती रोठ खुर्द, रोठ बुद्रुक, तळाघर, किल्ला, वरसे ही गावे. पहिली पाळी सुटायच्या वेळी रोहा-कोलाड रस्त्यावर उभे राहिले, तर जनगणनेतले धाटाव आणि डोळ्यांपुढचे धाटाव यांचा मेळ बसत नाही. रोह्यातून, कोलाडहून, नागोठण्याकडून माणसे येतात. परप्रांतांतून आलेले ठेकेदारांचे कामगार एकेका खोलीत आठ-आठ जण राहतात आणि त्यांचे नाव शिधापत्रिकेत असते ते बिहारच्या किंवा ओडिशाच्या गावी. फाटकाबाहेरून दुचाकी गेली की ती धाटावची चोरी होते. पण दुचाकीचा मालक धाटावच्या लोकसंख्येत नसतो.

याचे टोकाचे उदाहरण मला भाच्याच्या अमेरिकेतच सापडले. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला व्हर्नन नावाचे शहर आहे. शहर कसले, कारखाने आणि गोदामे. २०२० च्या जनगणनेत तिथले रहिवासी २२२ होते. दिवसा तिथे कामाला येणारी माणसे हजारोंनी मोजावी लागतात. अशा गावी वर्षात एक मोटार चोरीला गेली तरी लाखामागे ४५० चा दर होतो. आपल्या देशाचा सगळ्या गुन्ह्यांचा मिळून आहे तेवढा, एका मोटारीत! तिकडची एफबीआय आपल्या आकड्यांसोबतच बजावते की यावरून शहरांची क्रमवारी लावू नका. तरी ‘सर्वांत सुरक्षित लहान शहरे’ अशा याद्या दरवर्षी निघतात आणि माझ्या भाच्यासारखी माणसे त्या वाचून घर निवडतात. २०२१ साली एफबीआयने नोंदीची पद्धत बदलली, तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या शहरांचे पोलीसही नव्या पद्धतीने आकडे देऊ शकले नव्हते. याद्या काढणाऱ्यांचे त्यामुळे काही अडले नाही.

आपल्याकडे वीस लाखांवर वस्तीच्या १९ महानगरांचे आकडे अहवालात स्वतंत्र असतात. धाटावसारख्या ठिकाणाला जिल्ह्याच्या आकड्यात शोधावे लागते, आणि तिथे आणखी एक खड्डा आहे. रायगड महसुली जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार. पण पनवेल आणि उरणचा दाट वस्तीचा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे आहे, रायगडच्या पोलीस अधीक्षकांकडे नाही. अधीक्षकांच्या हद्दीतले गुन्हे कोणी पूर्ण जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागले, तर अलिबाग, रोहा, महाड सगळेच एका फटक्यात सज्जन होतात. अशी बेरीज-वजाबाकी मी छापील लेखांत पाहिली आहे.

आता वरचा आकडा. समजा, एक गाव आठ हजार वस्तीचे आहे. जमिनीच्या वादातून एका वर्षी तिथे एक खून झाला. दर झाला लाखामागे साडेबारा. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खून झाले, दर २.१. म्हणजे आपले गाव देशाच्या सहापट रक्तपिपासू ठरले. पुढच्या वर्षी एकही खून नाही, म्हणजे गावाने शंभर टक्के सुधारणा केली! दोन्ही विधाने गणिताने बरोबर आहेत आणि दोन्ही फोल आहेत.

लहान संख्यांचा हा लहरीपणा लादिस्लाउस बोर्टकीविच या अभ्यासकाने १८९८ साली एका पुस्तकात उलगडला. प्रशियाच्या लष्करात घोड्याच्या लाथेने मरणाऱ्या सैनिकांची वीस वर्षांची नोंद त्याने तपासली. त्यातल्या दहा दलांचे आकडे पुढे प्रसिद्ध झाले. दहा दले, वीस वर्षे, म्हणजे दोनशे नोंदी. एकूण मृत्यू १२२. त्यांपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता आणि एका नोंदीत चार होते. त्या चार मृत्यूंच्या वर्षी घोडे बिथरले होते का? अधिकारी गाफील होते का? तसे काही धरायची गरज नाही. निव्वळ योगायोगाने किती वेळा शून्य, किती वेळा एक, किती वेळा चार यावेत, याचा हिशेब करता येतो आणि तो या नोंदींशी जवळपास तंतोतंत जुळतो.

हाच हिशेब वाडीला लावू. एखाद्या वस्तीत वर्षाला सरासरी चार घरफोड्या होतात असे धरा. काहीही न बदलता दहा-अकरा वर्षांतून एखाद्या वर्षी तिथे एकच होईल किंवा एकही होणार नाही, आणि वीसेक वर्षांतून एकदा आठ किंवा जास्त होतील. आठ झाल्या की ग्रामसभा तापते, सीसीटीव्हीचा ठराव होतो, परप्रांतीय भाडेकरूंची यादी मागितली जाते. पुढच्या वर्षी आकडा आपोआप चार-पाचावर येतो आणि श्रेय कॅमेऱ्याला मिळते. कॅमेरे लावू नयेत असे माझे म्हणणे नाही. पण कॅमेऱ्याने काय केले हे ठरवायला तीन-चार वर्षे आधीची आणि तितकीच नंतरची धरावी लागतात. धाटावचा ‘दर’ मी या लेखात दिलेला नाही तो याच कारणाने.

लहरीपणा झाला, त्याहून मोठा प्रश्न नोंदीचा. एनसीआरबीच्या बेरजेत दखलपात्र गुन्हेच येतात. ठाण्यात गेलेली तक्रार एफआयआर होते, की अदखलपात्र म्हणून एनसीच्या वहीत जाते, की नुसता ‘अर्ज’ म्हणून फायलीत पडते, यावर आकडा ठरतो. माझ्या शेजाऱ्यांची जुनी दुचाकी गेली तेव्हा एका ठाण्यात त्यांना आठवडाभर ‘आधी शोधून पाहा’ असे सांगितले गेले. विम्याला एफआयआरची प्रत लागते म्हणून ते अडून बसले आणि गुन्हा नोंदला गेला. दुचाकीचा विमा संपलेला असता तर ती चोरी झालीच नसती, निदान कागदावर. जगभर अभ्यासक खून आणि वाहनचोरी यांच्या आकड्यांवर त्यातल्या त्यात विश्वास ठेवतात त्याचे कारण हेच. एकात प्रेत असते, दुसऱ्यात विमा.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्पष्ट केले. तरी ठाणेदारापुढची अडचण खरी आहे. वरचा अधिकारी महिन्याच्या बैठकीत ‘गेल्या वर्षी या महिन्यात किती, यंदा किती’ असे विचारतो. प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे ठाणे वाईट दिसते, टाळणाऱ्याचे चांगले. एनसीआरबीनेही बजावले आहे की गुन्हे वाढणे आणि नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत यावर उपाय म्हणून १९७३ पासून दरवर्षी घरोघर विचारणा होते : तुमच्याकडे काही गुन्हा घडला का, पोलिसांना कळवला का? मालमत्तेच्या गुन्ह्यांपैकी निम्म्याहून कितीतरी कमी पोलिसांपर्यंत जातात, असे त्यात सतत दिसते. आपल्याकडे देशभर अशी वार्षिक विचारणा नाही.

त्यात १ जुलै २०२४ पासून कायदाच बदलला. भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीवहिली चोरी, माल परत केल्यास, समाजसेवेच्या शिक्षेची ठरली आणि ती अदखलपात्र झाली. हेतू चांगला असेल. पण चाळीतल्या चोरीचे स्वरूप काय असते? सायकल, गॅसची टाकी, पाण्याची मोटर, दोन कोंबड्या. यांतले बरेचसे पाच हजारांच्या आत. पुढच्या काही वर्षांत चोरीचा दर उतरलेला दिसला, तर चोर कमी झाले की कलम बदलले, हे तपासून मगच आनंद मानावा.

पूर्वी ही उत्तरदायित्वाची भानगड निराळ्या पद्धतीने सोडवलेली होती. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखावर १८१९ मध्ये अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचे काम नोंदले आहे. रात्री गस्त घालणे, कोण आला-गेला ध्यानात ठेवणे आणि चोरी झाली की पावलांचा माग काढणे. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तिथल्या जागल्याची खात्री पटवली की याची जबाबदारी संपली, त्याची सुरू झाली. माग ज्या गावात हरवला त्या गावाने चोरीचा माल भरून द्यायचा. म्हणजे चोरी दडवण्यात गावाचा फायदा नव्हता. माग पुढे नेण्यात होता. या व्यवस्थेचे गोडवे मात्र गाऊ नयेत. राखण करणाऱ्या काही जमातींवरच पुढे संशयाचा शिक्का बसला. १८७१ साली उत्तरेत सुरू झालेला गुन्हेगार जमाती कायदा नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि जन्माने गुन्हेगार ठरलेल्या माणसांना हजेरी द्यावी लागली. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण सवय राहिली. आजही चोरी झाली की पहिली नजर कातकरी वाडीकडे जाते, दुसरी परप्रांतीयांच्या खोल्यांकडे. घरात कोण काम करते, चावी कुठे ठेवतो, हे ठाऊक असणाऱ्या माणसाकडे ती सर्वांत शेवटी जाते.

राखणदारीची एक आठवण रोह्यात जिवंत आहे. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या उत्सवात निघते तेव्हा पोलीस त्यांना सशस्त्र मानवंदना देतात. ब्रिटिश काळापासून चालत आलेली ही प्रथा. जागल्या मात्र गेला. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने वतनी पाटीलकी संपली आणि १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. गावातले माहितीचे काम आज त्याच्याकडे आहे. भाडेकरू मात्र त्याच्या ओळखीच्या वेगाने बदलत नाहीत, फार जास्त वेगाने बदलतात.

मग घर कशाने फुटते? लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोघांनी १९७९ मध्ये एक साधा विचार मांडला. साठच्या दशकात अमेरिकेत शिक्षण वाढले, उत्पन्न वाढले, बेकारी घटली, तरी चोऱ्या का वाढल्या? त्यांचे उत्तर असे : माणसे घराबाहेर जास्त राहू लागली आणि घरात उचलून नेता येतील अशा वस्तू आल्या. चोरीला तीन गोष्टी एका वेळी एका जागी लागतात. इच्छा असलेला माणूस, नेण्याजोगी वस्तू आणि राखणाऱ्याचा अभाव.

धाटावचे कॅलेंडर या नजरेने वाचावे. गणपतीत मुंबईचे चाकरमानी येतात, वर्षभर कुलूप असलेली घरे उघडतात. गावठाणात रात्रभर भजन, आरत्या, जाग. तेव्हा गावठाण भरलेले असते. दिवाळीत उलट. बोनस झालेला, नवे दागिने घेतलेले, आणि घाटावरचे, खानदेशातले कामगार चार दिवस गावी गेलेले. एकेका इमारतीत सलग मजले अंधारे. मे महिन्यातही तेच. नवरा-बायको दोघेही पहिल्या पाळीला असतील, तर घर रोज सकाळी साडेसहा ते दुपारी साडेतीन रिकामे, आणि ही वेळ फाटकापुढच्या टपरीवाल्यालाही पाठ असते. पोलिसांच्या भाषेत दिवसाची आणि रात्रीची घरफोडी वेगळी असते; रात्रीची शिक्षा जड. लोक रात्रीला भितात आणि पाळीचे गाव दिवसा उघडे पडते.

इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळ कर्कहोल्ट या कामगार वस्तीत ऐंशीच्या दशकात एक प्रयोग झाला. एकदा फुटलेले घर थोड्याच दिवसांत पुन्हा फुटण्याची शक्यता इतर घरांपेक्षा कितीतरी जास्त असते, असे तिथे दिसले. चोराला वाट माहीत झालेली असते, शिवाय विम्यातून नवा टीव्ही येणार हेही. म्हणून सगळ्या वस्तीवर पैसा न उधळता फुटलेल्या घराची दारे-खिडक्या लगेच दुरुस्त केल्या, त्याच्या आसपासच्या पाच-सहा शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितले आणि घरातले नाणी टाकायचे वीज-गॅसचे मीटर बदलले. कारण त्यांत साठलेली रोकड हेच चोराचे आमिष होते. तीन वर्षांत घरफोड्या जवळपास तीन-चतुर्थांशाने घटल्या.

वरशाच्या निवृत्त शिक्षकांना मी म्हणूनच दर सांगितला नाही. इमारतीत दिवसा किती दारे उघडी असतात ते मोजा, जिन्यात दिवा आहे का पाहा, आणि रोहा पोलीस ठाण्याचे एफआयआर चाळा, असे सुचवले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे, संवेदनशील प्रकरणे वगळता, एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर येतात. महिना, वेळ, ठिकाण आणि चोरीचा प्रकार एवढे चार रकाने पाडून तीन वर्षांचे तक्ते केले, तर लाखामागच्या आकड्यापेक्षा बरेच अधिक कळते.

जळगावच्या गृहस्थांना एवढे सांगून भागणार नव्हते. त्यांची मुलगी राहणार होती कारखान्यांना लागून. धाटावमध्ये मध्यरात्री माणूस दचकून उठतो तो बहुधा कडीच्या आवाजाने नव्हे, वासाने. डोळे चुरचुरतात, खिडक्या लावल्या जातात, सकाळी नदीचा रंग बघायला कोणी तरी पुलावर जातो. या सगळ्याला गुन्ह्यांच्या तक्त्यात जागा कुठे? आरोग्यास अपायकारक होईल अशी हवा दूषित करणे हा गुन्हा जुन्या संहितेत कलम २७८ खाली होता, दंड पाचशे रुपयांपर्यंत. नव्या संहितेत तो कलम २८० झाला, दंड हजार रुपयांपर्यंत. दोन्हीकडे अदखलपात्र, म्हणजे दरात शून्य. कारखान्यातला मृत्यू प्रथम आकस्मिक मृत्यू म्हणून नोंदला जातो. हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल झाला तरच तो गुन्ह्यांच्या बेरजेत येतो, एरवी एनसीआरबीच्या दुसऱ्या, अपघाती मृत्यूंच्या खंडात.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१-ब घातले गेले. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याने धोक्याची आणि आपत्तीत काय करायचे याची माहिती कामगारांबरोबर आसपासच्या रहिवाशांनाही दिली पाहिजे, असे ते सांगत होते. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांप्रमाणे औद्योगिक क्षेत्रासाठी स्थानिक आपत्ती गट असतो आणि लोकांना शिकवणे हे त्याच्या कामांतले एक. वायू सुटला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचे, तोंडाला ओले फडके धरायचे, भोंग्याचा कोणता सूर कशासाठी, कुठे जमायचे.

मुलीच्या वडिलांना मी दोन गोष्टी करायला सांगितल्या. मुलगी ज्या मैत्रिणींबरोबर खोली घेणार होती, त्यांच्यापैकी दुसऱ्या पाळीहून रात्री परतताना कोण कोणाबरोबर असते ते विचारायचे. आणि घरमालकाला भोंग्याचे सूर सांगता येतात का ते पाहायचे. पहिल्याचे उत्तर त्यांना लगेच मिळाले. दुसऱ्यासाठी घरमालकाने शेजारच्याला हाक मारली, शेजाऱ्याने आपल्या मुलाला, आणि मुलगा म्हणाला की शाळेत एकदा सांगितले होते.